रुखवतातली चौकट

"विकत कशाला आणायचं? घरात पडूनच आहे की," असं म्हणत आईनं माझ्या भाड्याच्या खोलीत रुखवताची पेटी उघडली. मुलाकडच्यांनी फोनवरच लग्न मोडलं, तोवर तिचं सगळं विणून, भरून झालं होतं. मग मी नाशिकची नोकरी धरली.

मण्यांचं तोरण दाराला लागलं. क्रोशाचा रुमाल शेगडीजवळच्या फळीवर पसरला. नवरानवरीच्या बाहुल्या मात्र आईनं गुपचूप परत पेटीत सारल्या. मी पाहिलं, पण मला काहीच वाटलं नाही. शेजारणीची खोली लावून द्यावी तशी मी खिळे ठोकत राहिले.

शेवटी भरतकामाची चौकट निघाली. दोन पोपट आणि खाली नाव. मी ती भिंतीवर टांगली.

"उजवीकडे गेलीय गं केतकी," बाबा दारातून म्हणाले.

मी डावीकडे सरकवली.

"अजून थोडी."

पुन्हा सरकवली. तरी त्यांचं समाधान होईना. चष्मा पुसत ते जवळ आले.

उजव्या पोपटाखाली माझं नाव होतं. डाव्या पोपटाखाली कोरं कापड, आणि त्यावर दोरा उसवल्याची बारीक बारीक भोकं. आई पेटीत वाकून काहीतरी शोधत होती.

बाबांनी काचेवरून हळूच बोट फिरवलं.

"सरळच आहे गं," ते म्हणाले. "मलाच नीट दिसत नव्हतं."