ज्वारीतल्या सीडी

ईट गावच्या योगीराजनं दोनशे सीडींमधले जुने व्हिडिओ गेम आकार कमी करून एका हार्ड डिस्कमध्ये भरले आणि वर पासवर्ड घातला. माझ्याकडं शिकायला येणारी पोरं मला सोबत घेऊन ते गेम खेळायला मागायला गेली, तर मलाच म्हणाला, "गुरुजी, हे पुढच्या पिढीसाठी जपून ठेवलंय. ह्या पोरांना काय कळतंय त्यातलं?"

पुढची पिढी त्याच्या दारातच उभी होती.

सगळ्या सीडी त्यानं पाखरं हाकायला ज्वारीत टांगल्या. महिन्यानं पासवर्ड आठवेना. तो त्यानं एका सीडीवरच पेनानं लिहून ठेवला होता.

आता तो भर उन्हात एकेक सीडी उलटून, उडालेली शाई वाचत हिंडतो.



बांधावरची पोरं म्हणतात, "गुरुजी, सीडीपेक्षा योगीकाकालाच पाखरं लई भेत्यात."