कंदुरीची सुरी

"ही सुरी कशाला?" हवालदारानं विचारलं.

"कंदुरीला, साहेब. बकरं कापायला."

गुलाम रसूल गावचा मुलाणी. चाकूरकडच्या त्या गावात पिराच्या नवसाचं बकरं त्याच्याच हातनं कापलं जायचं, मग मालक कुणी का असेना. आज मालक होता ग्यानोबा. नातवाचा मेडिकलला नंबर लागावा म्हणून तो पिराला नवस बोलला होता. आदिनाथ लातूरच्या क्लासात दोन वर्षं घासला, नंबर लागला. त्यात थोडं श्रेय पिराला द्यायला ग्यानोबाची काही हरकत नव्हती.

कालच तालुक्याला दगडफेक झाली होती. हत्यार बाळगायला बंदी होती. पिराच्या वाटेवर गावच्या पोरांनी गुलाम रसूलला अडवलं, फोन लावला, आणि जीप लगेच हजर. एरवी दहादा बोलावून येत नाही ती. पोरांच्या घोळक्यात मोबाईलवर शूटिंग करत आदिनाथही उभा होता.

बकऱ्याची दोरी धरून ग्यानोबा धापा टाकत मागून आला. गुलाम रसूलचा जीव भांड्यात पडला.

"ग्यानबा, सांग बाबा ह्यांना. तूच बोलावलास न्हवं मला?"

हवालदार वळला. "तुम्ही बोलावलं? मग तुमचं बी नाव घ्यावं लागंल."

आदिनाथ आजोबाच्या कानाशी लागला. "आबा, पोलीस केसमधी आपलं नाव नको. माझी ॲडमिशन अटकंल."

ग्यानोबानं बकऱ्याची दोरी जवळ ओढली.

"म्या न्हाई बोलावलं," तो म्हणाला. "म्या बकरं चाराया निघालो."

हवालदारानं बकऱ्याच्या गळ्यातला झेंडूचा हार पाहिला. मग जीपचं दार उघडलं.

गुलाम रसूलला जीपमध्ये बसवलं. हवालदारानं कागद काढला. "अटकेची खबर कुणाला द्यायची? घरी कोण हाय?"

"पोरगं हैदराबादला हाय. इथं ह्यालाच द्या." त्यानं ग्यानोबाकडं बोट केलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच ग्यानोबाला सोसवेना.

"नातं काय लिहू?" हवालदारानं ग्यानोबालाच विचारलं.

गुलाम रसूल त्याच्याकडं बघत राहिला. ग्यानोबानं नातवाकडं पाहिलं. या पोराची आपल्याला भीती वाटतेय, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

आदिनाथनं मोबाईल आजोबाच्या तोंडापाशी आणला.

"बोला, आबा."