शेजारचा इस्तो

धुरपताबाईने इकडेतिकडे पाहिलं, आगपेटी परसातल्या पाण्याच्या गंजात बुडवली, चांगली दाबून धरली आणि पुन्हा कोनाड्यात होती तशी ठेवून दिली. साठीच्या बाईने चोरासारखं हे करावं! पण केलं खरं. ओले हात पदराला पुसले आणि गार चुलीपाशी जाऊन बसली.

सून नंदा उठून आली. तिने काडी ओढली, दुसरी ओढली, तिसरीचं तर टोकच गळून पडलं.

"ओली कशी झाली वं हे? काल तं चांगली होती."

"दवानं झाली असल," धुरपताबाई म्हणाली. "जाऊ दे. मी जमनाच्या घरून इस्तो आणतो."

नंदा बघतच राहिली. जमुनाबाई म्हणजे धुरपताबाईची धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. धानाच्या बांधीच्या एका धुऱ्यावरून, हातभर बांधावरून, दोघींचं बोलणं अकरा वर्षांपासून बंद. धुऱ्यासाठी भांडलेले दोघे भाऊ केव्हाच मरून गेले, यांचं भांडण मात्र ठणठणीत. पण बोलणं बंद झालं तरी इस्तो कधी बंद झाला नव्हता. केशोरी गावात दारी आलेल्याला विस्तव नाही म्हणायचं नसे, मग तो वैरी का असेना. जिची चूल विझली तिने गोवरी घेऊन दुसरीकडे जायचं, ती तिथल्या चुलीत खुपसायची आणि पेट घेईपर्यंत बसून राहायचं. बसल्या बसल्या घर दिसे. कोण खोकतंय, कोणाला दिवस गेलेत, आज शिजतंय की नाही. अकरा वर्षं दोघी जावांनी एकमेकींची खबर अशीच घेतली, तोंडातून एक शब्द न काढता.

मग अर्जुनीला आगगाडी थांबायला लागली आणि गोंदियाहून आगपेट्या आल्या.

"माय, आता धाकट्या मायशिवाय कोणी इस्तो मागते का?" नंदा म्हणाली. "लोक म्हणतील, तुमच्या लेकाच्या घरात आगपेटी घ्याची ऐपत नाही. भीक मागतल्यावानी दिसते ते."

"इस्तो मागण्यात कायची भीक वं?"

"मंग काय तं?" नंदाने डावा तळवा पुढे केला. मधोमध जुना चट्टा होता. "नवी नवरी होती मी. पावसात पळत इस्तो आणला होता, आठोते ना? माह्या पोरीच्या हाताले असं नाही होऊ देणार."

आठवत होतं. त्या हाताला जवसाचं तेल धुरपताबाईनेच लावलं होतं. सुनेचं काही चुकत नव्हतं, तेच तर अवघड होतं. पण पाच दिवस झाले, जमना इस्तो न्यायला आली नव्हती. काल विहिरीवर कळलं, तापाने फणफणली आहे, पेजसुद्धा पोटात ठरत नाही. पाहायला आले म्हणावं तर अकरा वर्षांचा हट्ट मोडतो. आणि इस्त्यासाठी आले म्हणावं, तर घरात आगपेटी असलेल्या बाईने ते म्हणायचं कोणत्या तोंडाने?

"एक डाव जाऊन येतो," ती म्हणाली आणि गोवरी उचलून चालू लागली.

जमुनाबाईची सून सुलोचना अंगणात सडा टाकत होती. चुलत सासूच्या हातातली गोवरी पाहून तिला हसू आलं.

"मोठी माय, आता तुमीबी इस्तो? आजकालच्या दिवसात? थांबा, आमची आगपेटी देतो. अख्खी घेऊन जा, उद्या परवा द्या वापस."

म्हणता म्हणता ती आत जाऊन आली आणि तिने पेटी धुरपताबाईच्या हातावर ठेवलीसुद्धा. झालं! पोरीने इतक्या मनापासून दिलेलं नाही कसं म्हणायचं? आता घरी परतण्याशिवाय काही उरलं नव्हतं. धुरपताबाईला रडूच यायला लागलं. उंबऱ्याच्या आत खाट दिसत होती, खाटेवरचं माणूस दिसत नव्हतं.

"सुलोचना," आतून जमनाचा आवाज आला. "पेटी घे वापस. तिले चुलीतला इस्तो दे."

"पण माय, गोवरी धराले किती वेळ लागते!"

"लागू दे."

धुरपताबाई आत गेली. गोवरी चुलीत खुपसली आणि बसली. जमनाचं तोंड एवढंसं झालं होतं. डोळे तेवढे तसेच होते, भांडकुदळ. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

सुलोचना पेटी कोनाड्यात ठेवायला आली.

"मोठी माय, तुमची काऊन सरली इतक्या लवकर?"

"सरली नाही. ओली झाली."

"अवं बाई, तुमचीबी?" सुलोचना तिथेच टेकली. "आमची तं दर दोन दिवसाआड ओली होऊन राहिली होती. किती जागा बदलल्या मी! शिंक्यात ठेवली, मडक्यात ठेवली, तरी सकाळी पाहावं तं ओली. मंग माय गोवरी घेऊन तुमच्याकडं निघत. आता पाच दिवस झाले, माय खाटेवर पडल्या, तवापासून एकदाही भिजली नाही."

खाटेवरच्या जमनाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गोवरी केव्हाच पेटली होती. धुरपताबाईने ती राखेत दाबून विझवली आणि पुन्हा चुलीत खुपसली.