वळणावरचं शेवाळ

माशीने मासा पकडणं ही साधना आहे आणि साधनेला घाई चालत नाही, असं दातांच्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. म्हणूनच इतक्या वर्षांत ते एकदाही नदीवर गेले नव्हते.

तयारी मात्र चोख होती. दुपारी दवाखाना बंद असला की साडू यायचे, बूट काढून रुग्णाच्या खुर्चीत आडवे व्हायचे आणि सहलीची आखणी सुरू व्हायची. नदीचा नकाशा एक्स-रे बघायच्या दिव्यावर लावलेला असे. डॉक्टर भिंगाचा चष्मा चढवून, बारीक चिमट्याने गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळत बसायचे. त्यातून जो किडा तयार होई त्याला ते माशी म्हणत. मासा त्याला खरा समजून आ करणार, अशी योजना होती. तोंड उघडायला लावण्यात डॉक्टरांचा हात धरणारा कोणी नव्हता, तिथे मासा काय चीज.

अडचण फक्त ऋतूंची होती. थंडीत मासा तळाशी सुस्त पडून राहतो. उन्हाळ्यात पाणी आटतं. पावसाळ्यात ते इतकं गढूळ होतं की माशी दिसायची कोणाला. राहता राहिले पावसानंतरचे दिवस, तर तेव्हा साडूंना रजा मिळत नसे. असा एकेक ऋतू बाद व्हायचा आणि पुढच्या वर्षी नव्या उमेदीने विचारात घेतला जायचा. अहो, एकदाचे जा तरी, आमचीही सुटका होईल, असं दोघी बहिणी म्हणायच्या. त्यावर दोघे साडू एकमेकांकडे बघून हसायचे. डॉक्टरांना त्या हसण्यावर आठवडा काढता यायचा.

आज पाऊस संपून आभाळ स्वच्छ झालं होतं, म्हणून डॉक्टरांनी पुढच्या वर्षीचं ठरवायला घेतलं. याच दिवसांत, सकाळच्या कोवळ्या उन्हात, या वळणावरच्या सपाट खडकावर उभं राहायचं, असं त्यांनी नकाशावर बोट ठेवून जाहीर केलं.

साडू डोळे मिटूनच म्हणाले, "तिथं नको. शेवाळ आहे. पाय सटकतो."

चिमटा हवेत थांबला. नकाशात खडक होता, वळण होतं, चढउताराच्या रेघाही होत्या. शेवाळ नव्हतं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

साडूंनी डोळे उघडले. अंदाज आपला, म्हणाले, पाण्यातला खडक म्हटला की शेवाळ आलंच. डॉक्टरांनी वरचा दिवा ओढून त्यांच्या तोंडावर आणला. रोज रात्री न चुकता दात घासतो असं सांगणारी माणसं त्यांनी आयुष्यभर याच खुर्चीत पाहिली होती, त्यामुळे फार वेळ लागला नाही. गेल्या आठवड्यात साडू ऑफिसच्या प्रशिक्षणाला गेले होते. त्या प्रशिक्षणाला गमबूट लागले होते.

एकटाच गेलो होतो, हे साडूंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू कोणाला बरोबर नेलं असतं तरच तो गुन्हा ठरला असता. बस समोर उभी होती, चढलो, मनात काहीच नव्हतं. भिंगांमागे आपले डोळे नको तेवढे मोठे दिसत असणार, हे लक्षात येऊन डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"मला विचारायचं तरी, साडूबुवा."

"विचारलं असतं तर गेलो असतो का आपण?"

डॉक्टर उगाच टेबलावरची पिसं आवरू लागले. पावसानंतरच्या दिवसांसाठी त्यांनी एक करडी माशी बांधली होती, आत्तापर्यंतची सगळ्यात देखणी, आणि ती साडूंच्या वाढदिवसाला त्यांना दिली होती. त्याबद्दल विचारू नये, हे त्यांना कळत होतं.

"माझी माशी नेली होती?"

"नेली होती ना. पहिल्याच फेकीला झाडात अडकली." साडू खुर्चीत उठून बसायला धडपडले, पण ती पार मागे झुकवलेली होती. "मग गांडूळ लावलं."

खोटं बोलून, एकट्याने जाणं डॉक्टरांनी कदाचित पोटात घातलं असतं. पण त्या दवाखान्यात गांडूळ हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता. अखेर डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि भिंतीकडे बघत विचारलं, गांडुळाला तरी काही लागलं का.

साडू आता खरोखरच बुचकळ्यात पडले.

"अहो, रविवारी आमच्याकडे जेवलात ना," ते म्हणाले. "दोनदा मागून घेतलंत."