नानासोची उडी

बिराप्पा टाकीच्या तोंडाशी बसला, दोन्ही पाय आत सोडले आणि उतरू लागला.

"थांबा!" अपेक्षा ओरडली. "आता तुम्हीही मेलात."

आवारात हशा पिकला. टाकी कोरडी होती, आणि आत पडलेला माणूस म्हणजे पोत्यात भुसा भरून केलेलं बुजगावणं होतं. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या हळदीच्या कारखान्यात आज तालीम चालली होती. सांडपाण्याच्या टाकीत कुणी बेशुद्ध पडलं तर बाकीच्यांनी काय करायचं, याची. सरकारी सुरक्षा खात्याकडे माणसं थोडी आणि जिल्ह्यात लहान कारखाने फार. म्हणून खात्याने मोठ्या कंपन्यांतले सुरक्षा अधिकारी हाताशी धरले होते. खात्याचे निरीक्षक राजरत्न कांबळे गावोगाव फिरायचे आणि शिकवायला यांतला एक जण सोबत घ्यायचे. आज अपेक्षाची पाळी होती.

"आतला वायू डोळ्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "आधी पंखा लावून हवा सोडायची. पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. ते जवळ नसेल तर अग्निशमन दलाला बोलवायचं, आणि तोवर वर थांबायचं."

"म्हंजी दोस्त मरताना बघत बसायचं?" बिराप्पाने विचारलं. "म्याडम, हितं तसली माणसं न्हाईत. हरिपूरच्या पेवात नानासोनं उडी मारली का न्हाई? ह्ये आमचं हिंदुराव मुकादम समोर बसल्यात. ह्येंच्यासाठनंच मारली. आमी बी त्याच मातीतली हाय."

माना डोलल्या. मागून कुणीतरी टाळी वाजवली. पहिल्या रांगेतले हिंदुराव मुकादम खाली बघू लागले.

नानासो अपेक्षाचा बाप होता. हिंदुरावांखेरीज तिथं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अपेक्षा लहान होती तेव्हा हरिपूरला पेवं होती. वर अरुंद तोंड, खाली खोलीएवढी जागा. जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. नानासो आणि हिंदुराव जोडीने तिथं हमाली करायचे. सुट्टी असली की नानासो लेकीला सायकलच्या नळीवर बसवून संगमावर न्यायचा. हळद त्याच्या कातडीत मुरलेली होती, कितीही धुतली तरी जायची नाही. घाटावर भडंगाची पुडी फोडायची, नदीकडे बघत खायची. घरी येईस्तोवर अपेक्षाच्या फ्रॉकवर पिवळी बोटं उठलेली असायची. आई कुरकुरली की तो हसायचा. "असू दे की गं. घर कसं लगीनघरागत दिसतंय!" आजही कुठल्याही हळदीच्या कारखान्यात पाऊल टाकलं की अपेक्षाला पहिल्यांदा ती सायकल आठवायची.

पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत उतरायचं नसे. एका सकाळी ट्रक खोळंबला होता. घाई झाली. हिंदुराव लवकर उतरले आणि आतच कोसळले. नानासोने दोर घेऊन उडी टाकली, त्यांच्या कमरेला बांधला. वरच्या लोकांनी हिंदुरावांना ओढून काढलं. मग दोर पुन्हा खाली सोडला. तो बांधून घ्यायला आत कुणी शुद्धीवर नव्हतं.

पुढं महापुरात पेवं बुजली. नानासोची गोष्ट मात्र राहिली. दर वर्षी गावात त्याच्या फोटोला हार पडायचा, भाषणं व्हायची. हिंदुराव दिवाळीला फराळाचा डबा घेऊन घरी यायचे. कधी बसायचे नाहीत. डबा द्यायचे आणि दारातूनच मागं फिरायचे.

अपेक्षाने समोर पाहिलं. सगळी तरणी माणसं होती, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले होते. उद्या खरंच कुणी आत पडला, तर यांतले दोघं-तिघं त्याच्या मागोमाग जाणार होते. तिच्या बापाचं नाव घेत.

"नानासोनं उडी मारायला नको होती," ती म्हणाली.

गलका झाला. "म्याडम, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नगासा!" बिराप्पा तडकला.

"ते माझे बाबा होते."

राजरत्न कांबळे तिच्याकडे बघतच राहिले.

"ते शूर होते," अपेक्षा म्हणाली. "पण त्या दिवशी ते वर थांबले असते तर..."

तिची नजर हिंदुरावांवर गेली. नानासो वर थांबला असता तर हिंदुराव वाचले नसते, हे तिथं प्रत्येकाला कळलं होतं.

हिंदुराव उठले. ते निघून जाणार असं वाटून लोकांनी वाट दिली. पण ते टाकीपाशी आले.

"काका, मला तसं म्हणायचं नव्हतं," ती पुटपुटली.

"तसंच म्हनायचं हुतं, पोरी. आन बराबर हाय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माणसांकडे तोंड केलं. "गावानं नानासोला देव केला. मग मी कुणाला सांगू? आज सांगतो. उतरल्याबरुबर माजं पाय गेलं. तोंडात शबुद तेवडा उरला हुता. नानासो वरनं वाकून बघत हुता. बिराप्पा, आत पडलेल्याच्या मनात काय आसतंय, त्ये मला इचार. हुता न्हवता त्यो जीव लावून मी एकच वरडलो, 'येऊ नगंस रं, नाना, तुजी पोर ल्हान हाय!'"