रिकामी झोळी

लोणावळ्यात मडमेच्या बालमंदिरात लेकीला पहिल्यांदाच सोडलं, आणि गंगी ठाकरीण वाऱ्यावर उडायला लागली. खोटं नाही सांगत. रेल्वेच्या रुळांत खडी भरताना तिचे पाय भुईला टेकेनात, तेव्हा मुकादमानंच तिच्या पाठीवरच्या, लेकीला वागवायच्या रिकाम्या झोळीत धोंडा घातला. तरी दुपारी घमेलं टाकून ती पळालीच.

ठमी मणी ओवत होती. आईला बघून तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"मी हिला न्हेते," गंगी म्हणाली. "मला करमंना. लेकरू परक्याच्या हाती देऊन बगा, मडम, मग कळंल."

"दिलं आहे," मडम म्हणाली. "माझी लेक तिकडे माझ्या देशात आजीकडे होती. लढाईत गावावर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा तिला बोटीने दुसऱ्या देशात नेलं. तिथे एक बाई सांभाळते. त्या बाईला मी पाहिलेलंसुद्धा नाही."

गंगी उंबऱ्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. मग पदर खोचून कामाकडं निघाली.

"ठमीला निजताना पाठीवर थापटाय लागतं," जाता जाता ती म्हणाली. "तुमच्या लेकीला काय लागतं, त्ये त्या बाईला कळवलंय न्हवं?"