लाल फडक्याची गाठ

उत्तमरावांनी दारात चपला काढल्या आणि त्यांची नजर थेट टीव्हीच्या वरच्या फळीवर गेली. तिथं लाकडी स्टँडवर एक जपानी तलवार आडवी ठेवलेली होती. काळं चकचकीत म्यान, मुठीवर रेशमी दोऱ्याची वीण आणि खाली लाल गोंडा.

"हे कायची तलवार व्हय रे, शेखर?"

"कटाना म्हणतात, मोठेबाबा. शोभेची हाय."

एरवी घरात पाहुणा आला की शेखर त्या तलवारीबद्दल बोलायचा थांबत नसे. आज त्याची जीभच उचलेना.

उत्तमराव त्याच्या वडिलांचे चुलतभाऊ. चांदूर बाजारहून गाडी करून ते अमरावतीला आले होते, ते शेखरला आणि त्याच्या आईला न्यायला, आणि मुख्य म्हणजे कट्यार न्यायला. संध्याकाळी त्यांच्या मनोजला हळद लागायची होती. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार पाहिजे, टोकाला लिंबू खोचलेली. साऱ्या भाऊकीत ती एकच. सगळ्या नवरदेवांनी तीच धरलेली, आणि ती राहायची शेखरच्या आईच्या ट्रंकेत, लाल फडक्यात बांधून.

आई सकाळपासूनच तयार होती. नवी जांभळी साडी नेसून, पिशवी भरून दाराशी ठेवून बसली होती. नवरा गेल्यापासून मांडवात तिला कुणी पुढं बोलवत नसे. हळद लावायला नाही, ओवाळायला नाही. कट्यार मात्र तिच्याच हातून नवरदेवाच्या हातात जायची. तेवढ्यासाठी बायका बाजूला सरायच्या आणि तिला वाट करून द्यायच्या. शेखर हे लहानपणापासून पाहत आला होता. पाहूनही कधी ध्यानात घेतलं नाही, हेच आता त्याचं काळीज कुरतडत होतं.

गेल्या दिवाळीत जुनी हत्यारं जमवणारा एक हौशी माणूस त्याला भेटला. कट्यार पाहून त्यानं बदल्यात ही कटाना पुढं केली. गंजकं लोखंड देऊन असली ऐटदार वस्तू मिळते म्हटल्यावर शेखर हरखूनच गेला. फडक्यात त्यानं मोडक्या विळ्याचं पातं गुंडाळून ठेवलं. पुढचं लग्न निघेल तेव्हा पाहू, असं मनाशी म्हणाला. लग्न निघालं तेव्हा त्या माणसाला फोन केला, तर कट्यार केव्हाच पुण्याच्या कुणाकडं गेलेली. तेव्हापासून शेखरचं आज सांगू, उद्या सांगू चाललं होतं.

आईनं ट्रंक उघडली. कट्यारीला तेल लावूनच न्यायची तिची रीत, म्हणून वाटी जवळ घेतली. फडकं हातात घेतलं आणि गाठीवर बोट ठेवून ती थांबली. आता तरी बोलावं म्हणून शेखरनं तोंड उघडलं.

तेवढ्यात उत्तमरावांनी घाई केली, गाडी खाली उभी आहे म्हणाले. गाठ सुटली. विळ्याचं पातं वाटीशेजारी पडलं.

उत्तमराव आधी पात्याकडं आणि मग आईकडं पाहत राहिले.

"माह्याच हातून गेली, भाऊजी," आई म्हणाली. "आवराआवरीत भंगारात गेली असन. माहं ध्यान नाई राह्यलं."

उत्तमराव तसे तापट. त्यांनी आरडाओरडा केला असता तर शेखरला बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "शेखरच्या माय, आमी तुमच्या भरोशावर ठेवली होती."

आईनं मान खाली घातली. शेखरनंही घातली, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. एका वाक्याचं तर काम होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघालं नाही. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

मग उत्तमरावांनी फळीवरून कटाना काढून म्यानातून उपसली. नसल्यापेक्षा बरी, म्हणाले. खिशातून लिंबू काढून टोकावर दाबलं. लिंबू घसरलं. पुन्हा जोर लावला, तर सालीला नुसता खळगा पडला.

"येले तं टोकच नाई," असं म्हणून त्यांनी तलवार सोफ्यावर टाकली.

आईनं स्वयंपाकघरातून भाजी चिरायची सुरी आणली. ती गुंडाळायला लाल फडकं पुढं केलं. उत्तमरावांनी सुरी घेतली, फडकं घेतलं नाही. सुरी स्वतःच्या थैलीत टाकून ते जिना उतरले.

"आई, ते कट्यार मीच..."

"मले मालूम हाय. गाठ माही नोती."

तो म्हणाला, आत्ता खाली जातो आणि मोठेबाबांना खरं सांगतो. ती म्हणाली, सांगजो, पण पोराचं लग्न होऊ दे आधी. हळदीच्या दिवशी भाऊकीत भांडण नको. मग तिनं फडक्याची घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि ट्रंक लावली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"चाल ना आई. थांबून राहिले ते."

आईनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"तू जाय," ती म्हणाली. "माहं आता तिथं काय काम हाय?"